कपोत नामे फुकट टपालयंत्राचा विडा कोणी उचलिला त्याची हकीकत

श्री. प्रथम नमन त्या दात्यास, जो न मागता देतो, मागितल्यावर आणखी देतो आणि दिले म्हणोन शिव्या खातो. दुसरे नमन रयतेस, जिचे समाधान करणे ब्रह्मदेवाचे बापासही साधले नाही. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, कार्तिक वद्य पंचमीपासोन माघापर्यंत कपोताचे राज्यात जो गहजब जाहला तो साद्यंत ऐकावा ऐसी धन्यांची मर्जी जाहली. सेवकाने चावडीवरची सारी पाने वाचिली, आणि वाचता वाचता सेवकाचेही डोके फिरले, सबब लिहिण्यात कोठे शब्द कडू पडला तर धन्यांनी गुळाचा खडा तोंडात धरोन पुढे वाचावे.

तर त्या राज्यात निळोपंत भडसावळे म्हणोन एक गृहस्थ होते. दिवसा विम्याचे कचेरीत नोकरी करीत आणि सायंकाळी चहा घेवोन संगणकापाशी बसत. चौदा वर्षांमागे त्यांस ईमेल पाहावयास धड यंत्र मिळेना. एक उघडावे तर जाहिराती अंगावर येत, दुसरे उघडावे तर आपली पत्रे आपल्याआधी तिसराच कोणी वाची. मग पंतांनी मनी आणिले की आपणच करावे, आणि केले, आणि त्याचे नाव कपोत ठेविले, कारण पूर्वी पत्रे कबुतरे नेत. आणि केले ते कडीकुलुपात न ठेविता जगापुढे मांडिले. नुसते यंत्रच नव्हे, यंत्राचे पोटातील सारे लिखाणही उघडे ठेविले, की ज्यास जे उणे दिसेल त्याने ते स्वहस्ते नीट करावे आणि चारचौघांस द्यावे. आणि वेशीवर एक शिळा बसविली: "घ्यावे, वापरावे, बदलावे, वाटावे. दाम नाही. मोडल्यास हमी नाही." ही शिळा वाचून "वाचले, मान्य" म्हणोन टिचकी मारावी आणि मग आत यावे ऐसा कायदा. रयत टिचकी मारी. शिळा खरोखर वाचणारा चौदा वर्षांत एकच निघाला, आणि तोही अक्षर फार बारीक आहे ऐसी तक्रार करण्यापुरता.

वस्ती वाढत चालली. शंभराचे हजार जाहले आणि हजाराचे लाख. मग रयतेस बोलावयास जागा पाहिजे म्हणोन पंतांनी कपोताचे अंगणात एक चावडी उघडिली. ज्यास अडचण त्याने तेथे लिहावे, पंत उत्तर देतील. एवढीच त्यांची चूक, बाकी माणूस शहाणा. चावडीवर लिहिण्याची रीत तीन ओळींची: काय केले, काय व्हावे वाटले, काय झाले. रयतेने तिन्ही ओळी कोऱ्या सोडाव्या आणि खाली लिहावे, "चालत नाही." पंतांनी विचारावे, "काय चालत नाही?" उत्तर यावे, "काहीच चालत नाही." "बरं, उघडतं का?" "उघडल्याशिवाय कसं कळलं असतं चालत नाही ते? तुम्हीच सांगा!" मग पंतांनी चार दिवस खपावे, आणि अखेर निष्पन्न काय व्हावे, तर त्या गृहस्थाचे घरचे वायफायच बंद होते. आणि त्याने चुकलो म्हणावे की नाही? नाव नको! उलट लिहावे, "मग हे तुमच्या यंत्रानं आधी सांगायला नको होतं का?"

या चावडीवर थोरले आसन हैबतराव धुमाळ यांचे. हे साखर कारखान्यातून लेबर ऑफिसर म्हणोन निवृत्त जाहलेले, आवाज खणखणीत, आणि कपोताचे घरी नऊ वर्षे राहिलेले. नऊ वर्षांत मदतीची एक काडी इकडची तिकडे केली नाही, परंतु "आम्ही जुने जाणते" म्हणोन मिशीवर ताव. दर पंधरवड्यास जाहीर करीत, "आम्ही कपोत सोडून चाललो. हा शेवटचा रामराम." आणि दुसरे दिवशी सकाळी लिहीत, "काल रामराम केला, त्यास अजून उत्तर का नाही?" त्यांच्या दोन मागण्या राज्यात गाजल्या. पहिली ऐसी की लिहिते पत्र टाकून द्यावे म्हणोन "पुसा" हे बटण दाबिले असता यंत्र म्हणे, "खरेच पुसू का?" तेव्हा हैबतराव तापले: "आम्ही घरचे धनी, आणि हे यंत्र आम्हांलाच उलट विचारतं? आम्हांला अक्कल नाही असं म्हणायचंय का?" पंतांनी तंटा नको म्हणोन तो प्रश्न काढून टाकिला. दुसरी मागणी ऐसी की "पुसा" आणि "पाठवा" ही दोन बटणे शेजारी शेजारी, त्यात "पाठवा" उजवे हातास, हे शोभत नाही. "पाठवा" अगदी डावीकडे न्यावे आणि "पुसा" अगदी उजवीकडे. "शुभ काम आधी आणि अशुभ मागून, एवढंही शास्त्र पंतांना कळू नये?" ऐसे लिहिले, आणि त्याखाली सहाशे जणांनी अनुमोदन दिले. पंत मात्र या गोष्टीस बधले नाहीत. म्हणाले, "लाखभर बोटांना सवय झालीय. आता जागा बदलली तर लोक पाठवायला जातील आणि पुसून बसतील." हैबतरावांनी लिहिले, "पंतांना गर्व झाला." त्यासही अनुमोदने पडली.

पंतांची सत्ता ती एवढीच, आणि कमाई त्याहून थोडी. पैशाची त्यांस हाव नव्हती. परंतु मनुष्यच ते, कोणी दोन शब्द गोड लिहावे ऐसे मनात असे. चौदा वर्षांत ऐसे पत्र एक आले नाही. त्यांची बायको सगुणाबाई स्पष्ट बोलणारी, ती म्हणे, "अहो, रोज उठून लोकांची एवढी बोलणी खाता मुकाट्यानं, ते काय पगार देतात तुम्हांला?" पंत म्हणत, "अगं, सगळेच तसे नसतात. एखादा बरा बोलतो." "कोण? दाखवा की मला." तेव्हा पंत चावडीची पाने मागे मागे चाळीत बसत, आणि चाळता चाळता चहा निवून जाई. मग सगुणाबाई तो पुन्हा ऊन करोन आणी.

ऐसे चालले असता कार्तिक वद्य पंचमीस पंतांस कपोताचे तटास एक भगदाड सापडिले. कोणी दुष्टाने पत्रासोबत एक कपटी चित्र धाडावे, आणि घेणाराने ते पाहिले मात्र की त्याच्या घरची सारी पत्रे त्या दुष्टास वाचावयास मिळावी, ऐसा तो प्रकार. बुजवावयास दीड-दोन महिन्यांचे काम. आणि दैवाची खोड पाहा, त्याच आठवड्यात पंतांचे डावे डोळ्यापुढे काळे ठिपके नाचू लागले आणि मग एका कडेने अंधारी चढू लागली. डॉक्टरीणबाईंनी पाहिले आणि म्हणाल्या, "डोळ्याचा आतला पडदा सुटत चाललाय. सोमवारी शस्त्रक्रिया. मग पालथं झोपायचं, आणि दोन महिने संगणकाकडे बघायचं नाही. बघितलंत तर डोळा गेला." पंत म्हणाले, "बाई, एवढं एक भगदाड बुजवून येतो." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग काठी घेऊनच या." घरी येताना रिक्षात सगुणाबाईने एवढेच विचारिले, "डोळा तुमचा की त्या चावडीचा?"

आता त्या राज्यात जुनी चाल ऐसी की कठीण प्रसंग आला म्हणजे भर दरबारी तबकात विडा ठेवावा, आणि ज्याची छाती असेल त्याने तो उचलोन कामगिरी शिरी घ्यावी. पंतांनी ती चाल चावडीवर चालविली होती. तबकाचे चित्र लावीत आणि उचलणाराने खाली "उचलिला" म्हणोन लिहावे. शुक्रवारी सकाळी त्यांनी विडा मांडिला आणि लिहिले, "मंडळी, माझ्या डोळ्याची शस्त्रक्रिया आहे. तटास भगदाड आहे. कोठे ते उघड सांगत नाही, चोरास वाट दाखविल्यासारखे होईल, जो उचलील त्यास एकांती सांगेन. दोन महिने कपोत सांभाळावे. रविवार सायंकाळपर्यंत कोणी न उचलिल्यास कपोत बंद करावे लागेल, कारण फुटक्या तटाआड तुम्हांस ठेवणे मजकडोन होणार नाही."

आणि मग काय सांगावे! चावडीवर ऐसी गर्दी उसळली की चौदा वर्षांत उसळली नव्हती. पहिला आला आणि म्हणाला, "विड्याचं पान फिक्कट दिसतंय, मागच्या आवृत्तीत चांगलं हिरवंगार होतं." दुसरा म्हणाला, "माझ्या मोबाइलवर तबक अर्धंच दिसतं, यावर आधी उपाय करा." तिसरा म्हणाला, "मी उचलीन, पण आधी सगळं यंत्र पायापासून नव्या भाषेत लिहून द्या." कोण लिहून देणार ते त्याने सांगितले नाही. चौथ्याने लिहिले, "कोणीतरी उचलायलाच हवा," आणि त्यास एक सहस्र अनुमोदने पडली. एक सहस्र हात वर जाहले आणि तबकाकडे एकही आला नाही. एक थोर पेढी होती, तिचे चाळीस हजार चाकर कपोतावरच पत्रव्यवहार करीत. तिने विड्यास हात न लाविता वकिलाकरवी पत्र धाडिले की शुक्रवार दुपारपर्यंत भगदाड बुजवून तसा दाखला पाठवावा, आणि सोबतचे चौसष्ट प्रश्न भरोन द्यावे. पत्र पोचले तेव्हा शुक्रवारची दुपार टळोन गेली होती. आणि हैबतराव! हैबतरावांनी लिहिले, "डोळ्याचं निमित्त आहे. आमच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले, चौथ्या दिवशी पेपर वाचत होतो. आणि विडा ठेवताना आम्हां जुन्या माणसांना विचारलं होतं का? हा शेवटचा रामराम."

पंत हे सारे एक डोळा हाताने झाकोन वाचीत होते. रविवारची दुपार जाहली तरी तबक जेथल्या तेथे. चौदा वर्षे ज्या झाडास पाणी घातले ते स्वहस्ते तोडावे लागणार, आणि सावलीत बसलेले म्हणतात पाला फिक्कट. त्यांनी बंदीचे फर्मान लिहावयास घेतले आणि पहिली ओळ लिहिली, इतक्यात अकराशे उत्तरांचे तळाशी एक ओळ उमटली: "उचलिला. भागू कुरणे."

ही भागूबाई कोण, तर एका तालुक्याचे गावी पाणीपुरवठ्याचे कचेरीत नोकरीस. कोणत्या आळीचा व्हॉल्व्ह कोणत्या वारी किती वाजता उघडावा हे तिजकडे. चावडीवर तिने एकही तक्रार केली नव्हती. सहा वर्षे होईल तेव्हा कपोताचे लिखाणातील एखादे मोडके काढावे, नीट करोन पाठवावे आणि वर लिहावे, "हे दुरुस्त केले. पाहून घ्यावे." ऐसे तिने दोनशे वेळां केले होते. पंत पाहून घेत आणि उत्तर लिहीत, "घेतले." एवढेच. कारण तोवर हैबतरावांचा नवा रामराम आलेला असे आणि त्यास पानभर उत्तर लिहावे लागे. आता पंतांनी ती जुनी पाने उघडिली, आणि "घेतले, घेतले, घेतले" ऐसे आपलेच दोनशे शब्द पाहोन त्यांस लाज वाटली. बऱ्या बोलणाऱ्या मनुष्याची वाट पाहत बसले, आणि बरे करणारे मनुष्य सहा वर्षे दारात उभे, त्यास या बसा म्हटले नाही. इतक्यात तिचाच फोन आला. म्हणाली, "पंत, भागू बोलते. भगदाड कुठं ते सांगा आणि निवांत पालथे पडा." पंत म्हणाले, "अहो बाई, भगदाडाचं नाही, पण चावडीवर लोक फार बोलतात हो. तुम्हांला सहन होईल का?" ती हसली. "माझ्या गावात मंगळवारी पाणी आलं नाही की अख्खी आळी घागरी घेऊन माझ्या दारात असते. तुमचे लोक निदान घागरी तरी आणत नाहीत."

मग शस्त्रक्रिया जाहली आणि पंत पालथे पडले. करावयास काही नाही, पाहावयास काही नाही. तेव्हा त्यांनी भागूबाईंस आभाराचे पत्र मनातल्या मनात जुळवावयास घेतले. रोज एक ओळ जुळवीत आणि सगुणाबाईस ऐकवीत, ती भाजी निवडता निवडता म्हणे, "हे 'ऋणात राहीन' काढा, सोसायटीच्या निरोप समारंभासारखं वाटतं." पंत काढीत. ऐसे करता करता दोन महिन्यांत ते पत्र तयार जाहले आणि उभयतांस तोंडपाठ जाहले. असे पत्र पंतांनी जन्मात कोणास लिहिले नव्हते.

इकडे भागूबाईंनी कचेरीतून येवोन रोज बसावे आणि दगडावर दगड ठेवावा. चाळिसावे दिवशी भगदाड बुजले. लाखभर घरांची पत्रे शाबूत राहिली. चावडीवर ती खबर लाविली तेव्हा एक उत्तर आले की खबर फार लांबलचक आहे. मग बाईंनी जुन्या अर्जांचा ढीग काढिला, त्यात वर सापडिला हैबतरावांचा सात वर्षांमागला अर्ज, खाली सहाशे अनुमोदने. बाई पाणीवाली, तिचा हिशेब सरळ, की सहाशे जण सात वर्षे एक व्हॉल्व्ह मागतात तर तो सोडावा. तिने "पाठवा" डावीकडे नेले आणि "पुसा" उजवीकडे. आणि दुसरे दिवशी राज्यात हाहाकार! हैबतरावांनी नातवाचे बारशाचे निमंत्रण तासभर खपोन लिहिले, नऊ वर्षांचे सवयीने बोट उजवीकडे नेले आणि निमंत्रण पुसले. मग चावडीवर गर्जले, "कुणी सांगितलं होतं बटणं हलवायला?" भागूबाईंनी नम्रपणे लिहिले, "काका, आपणच." आणि त्यांचाच अर्ज पुढे केला. हैबतराव म्हणाले, "सात वर्षांपूर्वी केलं असतं तर उपयोग होता. आता सवय झाली ना! आणि पुसण्याआधी विचारायला काय झालं होतं यंत्राला? निळोपंतांच्या वेळी असं नव्हतं. ते देवमाणूस होते." यास नऊशे अनुमोदने पडली. कोणी म्हणाला पंतांची तसबीर चावडीवर लावावी. कोणी विचारिले, कोण लावणार? तेव्हा सर्वानुमते ठरले की कोणीतरी लावावी.

माघ शुद्ध पंचमीस डॉक्टरीणबाईंनी पंतांस अर्धा तास संगणक पाहावयाची परवानगी दिली. पंतांनी निश्चय केला होता की चावडी उघडावयाची नाही, प्रथम पत्र. डोळ्यांवर काळा चष्मा, शेजारी सगुणाबाई. पंतांनी कपोत उघडिले, दोन महिने पाठ केलेले पत्र एकेक अक्षर जपून लिहिले: "चि. सौ. भागूबाईंस अनेक आशीर्वाद. सहा वर्षे तुम्ही माझे मोडके नीट केले आणि मी नुसते घेतले म्हणालो. माझा एक डोळा डॉक्टरांनी वाचविला. दुसरा तुम्ही उघडिला..." तेथपासोन अखेरच्या ओळीपर्यंत. लिहिता लिहिता डोळ्यास पाणी आले ते सगुणाबाईने पदराने टिपिले, म्हणाली, "पाठवा आता, अर्धा तास होत आला." आणि पंतांनी समाधानाने श्वास सोडोन, चौदा वर्षांचे सवयीने, बोट उजवीकडे नेले आणि बटण दाबिले.

पत्र पुसले गेले. यंत्राने काही विचारिले नाही, कारण विचारणे पंतांनीच बंद केले होते. समोर कोरे पान. पंतांची कानशिले तापली. "अहो, पुन्हा लिहा की, पाठ तर आहे," ऐसे सगुणाबाई म्हणत होती, परंतु कोण ऐकतो! देवमाणसाने ताडकन चावडी उघडिली, काय केले, काय व्हावे वाटले, काय झाले या तिन्ही ओळी कोऱ्या सोडिल्या आणि खाली लिहिले, "चालत नाही." त्यास पहिले अनुमोदन हैबतराव धुमाळांचे पडले. आणि लागलीच भागूबाईंनी, जसे सर्वांस विचारीत तसेच, विचारिले, "काय चालत नाही?"

एवंच, भगदाड बुजले, डोळा वाचला, कपोत अद्याप उडते आहे आणि हैबतराव अद्याप निघालेले नाहीत. चौदा वर्षांत या राज्यात आभाराचे पत्र एकच लिहिले गेले, ते पोचले नाही. पंत म्हणतात, पुन्हा लिहीन. परंतु आधी त्या तक्रारीचे काय झाले ते कळू द्या. जैसे वाचिले तैसे लिहिले. अक्षर बारीक वाटल्यास सेवकास कळवू नये.